विश्लेषण : मुंबईचे पहिले ‘बिग बुल’ प्रेमचंद रायचंद कोण होते? टिप देणाऱ्याने स्वतःचं हित उघड करणं का गरजेचं आहे?

सकाळी बाजार उघडायच्या आधी मोबाइलवर एक मेसेज येतो. अमुक कंपनीचा शेअर आज घ्या, पंधरा दिवसांत दुप्पट होईल, बातमी आतली आहे. पाठवणारा ओळखीचा असतो, नाहीतर ओळखीच्याचा ओळखीचा. मेसेजमध्ये शेअरचं नाव असतं, टार्गेट असतं, स्टॉप लॉसही असतो. एक गोष्ट मात्र नसते. पाठवणाऱ्याने हा शेअर आधीच घेऊन ठेवलाय का? आणि तुमच्यासारख्या हजार जणांनी घेतल्यावर भाव चढला, की तो विकून मोकळा होणार आहे का?

हा प्रश्न स्मार्टफोनसोबत आलेला नाही. १८६४-६५ मध्ये मुंबईत जवळपास सगळं शहर एका माणसाच्या शब्दावर शेअर घेत होतं. त्या माणसाचं हित नेमकं कुठे गुंतलंय हे कोणी विचारलं नाही, आणि ते सांगण्याचं बंधनही त्याच्यावर नव्हतं. मग काही महिन्यांत शहरातल्या भल्याभल्यांचं दिवाळं निघालं आणि सरकारचा हिस्सा असलेली बँकसुद्धा बुडाली. त्या माणसाचं नाव प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवरमुळे हे नाव आजही घेतलं जातं.

प्रेमचंद रायचंद कोण होते?

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेत एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद. सुरतेचं बंदर तेव्हा उतरणीला लागलं होतं आणि व्यापार मुंबईकडे सरकत होता. हे कुटुंबही मुंबईत आलं. प्रेमचंद एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे ते पहिले भारतीय शेअर दलाल मानले जातात.

इंग्रजीचा फायदा फक्त गप्पा मारण्यापुरता नव्हता. बँका, निर्यात करणाऱ्या मोठ्या पेढ्या आणि सरकारी कचेऱ्या इंग्रजांच्या हातात होत्या. पैसा मात्र गुजराती, पारशी, भाटिया, मराठी व्यापाऱ्यांकडेही होता. या दोन्ही जगांशी थेट बोलू शकणारे दलाल फार कमी होते. १८४९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, प्रेमचंद यांनी रतनचंद लाला या दलालासोबत काम सुरू केलं. काही वर्षांतच ते बाजारातलं मोठं नाव झाले.

तेव्हा शेअर बाजाराला इमारत नव्हती. टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडाखाली वीस-बावीस दलाल जमायचे आणि तोंडी सौदे करायचे. व्यवहार शब्दावर चालायचा.

प्रेमचंद यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. परदेशातून येणारं जहाज बंदराला लागायच्या आधीच ते आपला माणूस छोट्या होडीतून जहाजापर्यंत पाठवायचे. लिव्हरपूलमधला कापसाचा ताजा भाव त्यांना बाकीच्यांच्या आधी कळायचा आणि बाजारात बातमी पसरेपर्यंत त्यांचे सौदे झालेले असायचे. यात बेकायदा काही नव्हतं, हा धंद्यातला चटपटीतपणा होता. पण इतरांच्या आधी मिळालेल्या माहितीची किंमत त्यांना किती नेमकी कळली होती, हे यावरून दिसतं.

कापसाचा आणि शेअरचा संबंध काय?

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. ब्रिटनमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या कापसावर चालायच्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि हा पुरवठा आटला. गिरण्यांना दुसरा कापूस हवा होता, तो भारतात होता आणि त्यातला बहुतेक मुंबईमार्गे जायचा.

भाव कित्येक पटींनी चढले. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस सोन्यासारखा विकला जाऊ लागला. लोकांनी गाद्या-उशा फोडून आतला जुना कापूस विकल्याच्या आठवणी त्या काळाबद्दल सांगितल्या जातात. चार वर्षांत मुंबईत एवढा पैसा आला की तो ठेवायचा कुठे, हाच प्रश्न झाला.

त्याचं उत्तर होतं नव्या कंपन्यांचे शेअर. भागधारकाची जबाबदारी त्याच्या भांडवलापुरती मर्यादित ठेवणारा कंपनी कायदा भारतात १८५७ मध्ये आला होता आणि १८६० मध्ये ही सवलत बँकांनाही मिळाली. त्यामुळे कंपनी काढणं सोपं झालं होतं. १ जानेवारी १८६५ रोजी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तीय संस्था आणि ८ जमीन कंपन्या असल्याची नोंद आहे. विमा, जहाज आणि कापसाचे गठ्ठे बांधणाऱ्या प्रेस कंपन्या वेगळ्याच.

‘शेअर मॅनिया’मध्ये नेमकं काय घडलं?

सगळ्यात गाजलेली कंपनी होती बॅक बे रेक्लमेशन. मलबार हिलच्या पायथ्यापासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र भरून जमीन करायची, ही तिची योजना. ज्या शेअरवर ५ हजार रुपये भरलेले होते, त्याचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. त्या वेळी समुद्राच्या जागी अजून समुद्रच होता.

एल्फिन्स्टन, माझगाव, कुलाबा, फ्रेअर अशा इतर जमीन कंपन्याही निघाल्या. दलालांची संख्या दोनशेच्या वर गेली. डॉक्टर, वकील, सरकारी नोकर, शिक्षक, सगळेच सौद्यांत उतरले. बरेचसे सौदे वायद्याचे होते, म्हणजे शेअर आणि पैसे आज द्यायचे नाहीत, ठरलेल्या तारखेला हिशोब करायचा. खिशात पैसे नसतानाही खरेदी करता येत होती.

इथे अलॉटमेंटचा खेळ समजून घेतला पाहिजे. नव्या कंपनीचा शेअर दर्शनी किमतीला मिळाला आणि बाजारात त्याला दुसऱ्याच दिवशी दुप्पट भाव असेल, तर तो शेअर मिळणं म्हणजे हातात रोख रक्कम पडण्यासारखंच. मग कोणाला किती शेअर द्यायचे हे जो ठरवतो, तो एका अर्थाने पैसेच वाटत असतो. अनेक कंपन्यांच्या बाबतीत प्रेमचंद यांचा शब्द यात निर्णायक असायचा. त्यांच्या घरी सकाळपासून रीघ लागायची. शेठजींनी आपल्या नावापुढे काही शेअर लिहावेत, एवढीच लोकांची अपेक्षा असायची.

ज्यांना असे शेअर मिळाले, ते त्या कंपनीबद्दल चारचौघांत चांगलंच बोलणार हे उघड आहे. त्यांचं बोलणं ऐकून बाकीचे खरेदी करत होते. बोलणाऱ्याला शेअर कसे मिळाले, हे ऐकणाऱ्याला माहीत नसायचं.

एकच माणूस किती खुर्च्यांवर?

प्रेमचंद दलाल होते, म्हणजे लोकांसाठी शेअर घ्यायचे आणि विकायचे. नव्या कंपन्यांच्या उभारणीत त्यांचा हात असायचा, म्हणजे ते प्रवर्तकही होते. १८६४ मध्ये निघालेल्या एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनमागे त्यांचंच बळ होतं. ते स्वतः मोठे खरेदीदार होते आणि मोठे कर्जदारही. कोणाला कर्ज द्यावं याबद्दल बँका त्यांचा सल्ला घ्यायच्या.

यातली एकेक भूमिका वेगळी पाहिली तर त्यात गैर काही नाही. पण त्या सगळ्या एकाच माणसाकडे आल्या की अडचण होते. दलाल म्हणून त्याने अशिलाला खरा सल्ला द्यायचा असतो, प्रवर्तक म्हणून त्याला शेअर खपवायचा असतो, खरेदीदार म्हणून भाव चढायला हवा असतो आणि कर्जदार म्हणून तारण ठेवलेल्या शेअरची किंमत टिकायला हवी असते. समोरच्याला यातली एकच बाजू दिसत असेल, तर सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे हे त्याला कळणार कसं?

बँक ऑफ बॉम्बे कशी बुडाली?

बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये सुरू झालेली प्रेसिडेन्सी बँक होती. सरकारचे तिच्यात शेअर होते आणि संचालक मंडळावर सरकारने नेमलेले सदस्य असायचे. लोकांच्या दृष्टीने ती सरकारचीच बँक होती.

जुन्या नियमांनुसार ही बँक कर्ज देताना हात आखडता घ्यायची. १८६३ च्या १० व्या कायद्याने ही बंधनं सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास सचिवपदी जेम्स ब्लेअर होते आणि त्यांच्यावर प्रेमचंद यांचं मोठं वजन होतं. प्रेमचंद यांना आणि त्यांनी शिफारस केलेल्या माणसांना कर्ज मिळत गेलं. काही कर्जांना तर सहीपलीकडे तारणही नव्हतं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हा पॉझिटिव्ह फीडबॅक लूप होता :

• प्रवर्तक कंपनी काढतो आणि शेअरचा भाव चढतो.
• चढलेल्या भावाचा शेअर बँकेकडे तारण ठेवून कर्ज मिळतं.
• त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जातात.
• खरेदी वाढल्याने भाव अजून चढतो आणि तारणाची किंमत कागदावर वाढते.
• वाढलेल्या किमतीवर आणखी कर्ज मिळतं.

भाव चढतोय तोवर प्रत्येक जण शहाणा ठरतो. भाव उतरू लागला की हेच चक्र उलटं फिरतं. तारणाची किंमत आणि कर्जदाराची ऐपत दोन्ही एकाच दिवशी कोसळतात, कारण दोन्ही त्याच शेअरवर उभ्या असतात. बँकेचे ठेवीदार आणि भागधारक यांना हे चक्र दिसत नव्हतं. त्यांना दिसत होती फक्त बँकेची प्रतिष्ठा.

१ जुलै १८६५ : हिशोबाचा दिवस

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचे भाव पडले, आणि कापसाच्या पैशावर उभे असलेले शेअर त्यामागोमाग. असंख्य वायद्यांचा हिशोब १ जुलै १८६५ रोजी व्हायचा होता. त्या दिवशी देणेकऱ्यांकडे पैसे नव्हते. ज्यांच्याकडून येणं होतं ते बुडाल्यामुळे ज्यांचं देणं होतं तेही बुडाले. पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी एकामागून एक पेढी बसत गेली.

बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकावा लागला. म्हणजे १०० रुपयांचे जेमतेम ३ रुपये उरले. प्राचीन लेख वाचणारे विद्वान आणि नावाजलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचीही मोठी संपत्ती या पडझडीत गेली. टाटांच्या पेढीला जबर फटका बसला, तेव्हा तरुण जमशेटजी लंडनमध्ये होते. प्रेमचंद स्वतःही वाचले नाहीत. त्यांच्या डोक्यावरच्या देण्याचा आकडा एवढा होता की शहरातला सगळ्यात श्रीमंत समजला जाणारा माणूस दिवाळखोर ठरला.

बॅक बे कंपनीही गुंडाळावी लागली. तिने भराव टाकलेली किनाऱ्यालगतची पट्टी पुढे रेल्वेला उपयोगी पडली. चर्चगेटच्या लोकलमधून उतरताना आपण त्या फसलेल्या स्वप्नाच्या आसपासच पाय ठेवतो.

चौकशीत काय निघालं?

जानेवारी १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळण्यात आली आणि त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ही नवी बँक १९२१ मध्ये इम्पिरिअल बँकेत आणि त्यातून १९५५ मध्ये स्टेट बँकेत गेली. जुन्या बँकेच्या बुडण्याची चौकशी करायला सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

आयोगाने सगळं खापर एका माणसावर फोडलं नाही. बंधनं सैल करणारा १८६३ चा कायदा, अधिकारांचा गैरवापर करणारे सचिव, लक्ष न देणारे संचालक आणि असाधारण काळ, अशी कारणं त्याने मांडली. संचालकांनी वेळेवर वह्या तपासल्या असत्या, तर एका माणसाच्या शब्दावर किती पैसा गेलाय हे त्यांच्या ध्यानात आलं असतं. सरकारी सदस्य मंडळावर असूनही हे घडलं, ही त्यातली जास्त बोचणारी गोष्ट.

प्रेमचंद यांचं पुढे काय झालं?

तेजीच्या ऐन भरात, १८६४ मध्ये, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं ही त्यांची इच्छा होती. आराखडा इंग्लंडचे प्रसिद्ध वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी केला. काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झालं. म्हणजे मनोरा उभा राहत होता तेव्हा देणगीदाराचं साम्राज्य केव्हाच संपलं होतं. कोलकाता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख दिले आणि त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती तिथला मोठा मान मानली गेली.

दिवाळं निघाल्यावर ते शहर सोडून गेले नाहीत. लहान प्रमाणावर पुन्हा धंदा सुरू केला आणि हळूहळू बाजारात पत मिळवली. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या दलालांनी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन केली. ३१८ सभासद, प्रवेश फी १ रुपया. हीच पुढे बीएसई झाली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांचं नाव घेतलं जातं. झाडाखालच्या बेबंद सौद्यांना काही शिस्त लावण्याच्या कामात, त्या सौद्यांत सगळ्यात वर चढून सगळ्यात खाली पडलेला माणूसही होता. १९०६ मध्ये त्यांचं मुंबईत निधन झालं.

मग ते दोषी होते का?

आजच्या कायद्याने पाहिलं तर त्यांच्या अनेक व्यवहारांवर कारवाई झाली असती. तेव्हा मात्र यातलं बहुतेक काही बेकायदा नव्हतं. ते स्वतः बुडाले, याचा अर्थ तेजीवर त्यांचाही विश्वास होता. पैसा काढून पळणाऱ्या भामट्यांच्या रांगेत त्यांना बसवता येत नाही.

तरीही त्यांच्या शब्दावर शेअर घेणाऱ्या कारकुनाचं नुकसान कमी होत नाही. सांगणारा मनाने प्रामाणिक असला तरी, ज्यात त्याचा पैसा अडकलाय त्याबद्दल त्याचं मत तिरकं होण्याची शक्यता असतेच. म्हणून हित उघड करण्याचा नियम सांगणाऱ्याच्या नियतीची परीक्षा घेत बसत नाही. तुमचा यात काय फायदा आहे तेवढं सांगा, मत किती गांभीर्याने घ्यायचं ते ऐकणारा ठरवेल, इतकीच त्याची मागणी असते.

आज नियम काय सांगतात?

१८६५ मधली एकेक फट आता कायद्याने कशी बुजवली आहे, ते पाहू.

• आतली माहिती : सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांनुसार, भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती हातात असताना त्या शेअरचा व्यवहार करता येत नाही. ती माहिती दुसऱ्याला देणंही गुन्हा आहे. कंपनीतल्या माणसाइतकीच ती मिळालेली बाहेरची व्यक्तीही यात अडकू शकते. तेव्हा ‘आतली बातमी’ खरी निघाली, तर ती वापरणाराही अडचणीत येतो.

• प्रवर्तकांचे व्यवहार : प्रवर्तक, संचालक आणि ठरावीक कर्मचाऱ्यांनी एका तिमाहीत १० लाख रुपयांपेक्षा जास्त व्यवहार केले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला आणि तिच्यामार्फत शेअर बाजाराला कळवावं लागतं.

• तारण ठेवलेले शेअर : प्रवर्तकांनी किती शेअर गहाण टाकलेत हे जाहीर करणं २००९ पासून सक्तीचं आहे.

• बँकेचं कर्ज : बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम २० नुसार बँकेला स्वतःच्याच शेअरच्या तारणावर किंवा आपल्या संचालकांना कर्ज देता येत नाही.

• शिफारस करणारे : सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार नोंदणीकृत रिसर्च अ‍ॅनालिस्टने आपला किंवा नातेवाइकांचा त्या कंपनीत आर्थिक हितसंबंध आहे का, हे अहवालात सांगावं लागतं.

इनसायडर ट्रेडिंगसाठी किमान १० लाख रुपये आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातली मोठी रक्कम, एवढा दंड होऊ शकतो.

टिप आली की काय तपासाल?

नियम नोंदणीकृत माणसाला बांधतात. टोपणनावाने टिप देणारा हित उघड करत नाही आणि तक्रार होईपर्यंत तो सापडतही नाही. म्हणून काही गोष्टी आपणच बघायच्या.

• टिप देणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक आहे का? तो सेबीच्या वेबसाइटवर पडताळता येतो.
• त्याच्याकडे हा शेअर आहे का, हे त्याने स्वतःहून सांगितलंय का? विचारल्यावर तो चिडत असेल, तर शेअर घेऊ नका.
• बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर त्या कंपनीचं पान उघडा. प्रवर्तक घेतायत की विकतायत? किती शेअर गहाण आहेत?
• भाव टिपच्या आधीच जोरात चढलाय का? तसं असेल तर तुमच्या आधी कोणीतरी भरपूर खरेदी केलेली आहे.

ही माहिती मिळवायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. १८६५ मध्ये प्रेमचंद शेठ यांच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ती कितीही पैसे मोजून मिळाली नसती.

(हा लेख केवळ माहितीसाठी आहे. यात कोणताही शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला दिलेला नाही.)